दोन दांड्यांचं मशीन

“ह्याचं स्टेरिंग कुठं हाय?” आबांनी विचारलं.

टेंपोला लावलेल्या फळ्यांवरून ते गवत कापायचं पिवळं मशीन नुकतंच आमच्या लॉनवर उतरलं होतं. पुढे खेळण्यातली वाटावीत अशी बारकी चाकं, मागे जाडजूड चाकं, मध्ये खुर्ची, आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी मांडीवर आलेले दोन दांडे. स्टेअरिंग नावाची वस्तू त्याला कुठेच नव्हती. दुकानाचा माणूस, तांबोळी त्याचं नाव, सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात माझी धाकटी जाऊ केतकी म्हणाली, “आबा, याला स्टेअरिंग नसतंच. हे दांडे हेच स्टेअरिंग. झिरो टर्न म्हणतात याला. जागच्या जागी वळतं.”

आबांनी मान डोलावली. आबा म्हणजे माझे सासरे. माझ्या बोलण्यावर त्यांनी अशी मान डोलावल्याचं मला काही आठवत नव्हतं, आणि मी त्या घरात आले तेव्हा ही केतकी शाळेत जात असेल. तिच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. माझ्या पोटात त्या दिवशी दुखायला लागलं असं मी म्हणणार नाही. ते आधीपासूनच दुखत होतं. मशीन आलं आणि कळ वाढली, इतकंच.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कराड-विटा रस्त्याला आंबेवाडी फाट्यावर आमचं लॉन आहे, सोनाबाई लॉन्स, माझ्या सासूबाईंच्या नावाचं. लग्नं, बारशी, साखरपुडे, सगळं तिथे होतं. पूर्वी तिथे नुसता मुरमाड माळ होता. त्या माळावर आणून टाकलेल्या मातीत गवताचा एकेक झुबका मी लावला. बरोबर बायका होत्याच, पण कुठे दाट लावायचं, कुठे विरळ, पाणी कधी तोडायचं, हे माझ्या डोक्यातलं. मधेमधे चाफ्याची झाडं लावली तीही मीच. फाट्यावर लोक पत्ता सांगताना ‘शालनवहिनींचं लॉन’ असंच सांगायचे, आणि ते कानावर आलं की मी उगाच इकडेतिकडे बघायचे.

माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेला. गेला म्हणजे आहे, पण असून नसल्यासारखा. त्याच्यावर भार देता येत नाही, काखेत कुबडी लागते. आमच्या घरात काहीच चालवता येत नाही असं माणूस मी एकटीच. आमचे हे, म्हणजे हणमंतराव, झोपेतसुद्धा ट्रॅक्टर चालवतील. धाकटे दीर संग्राम मंडपाचा टेंपो चालवतात. आबा त्या वयातही मोटरसायकलवरून बाजाराला जायचे. मी कायम कुणाच्या तरी मागे नाहीतर बाजूला बसणारी, आणि निघायच्या वेळी सगळ्यांना माझ्यासाठी थांबायला लावणारी.

पण खुरपायला पाय लागत नाहीत. बुडाखाली पाट घ्यायचा, एक हात टेकायचा आणि सरकायचं. गवतात बसलेल्या बायांमध्ये लंगडी कोणती, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला ओळखता येत नाही. लॉनवर माझा जीव का होता ते यावरून कळेल.

केतकी आली तीच शेतकी कॉलेजची पदवी घेऊन. हळदीचा रंग उतरला नव्हता तोवर पदर खोचून ट्रॅक्टरवर बसली आणि खताची ट्रॉली लॉनपर्यंत घेऊन आली. माझ्याबरोबर खुरपणाऱ्या बाया उठून बघायला लागल्या. एकजण तर म्हणाली, “बाई, बाई, काय सून हाय!” मी त्याच घरची सून आहे आणि तिच्या शेजारीच बसले आहे, हे ती विसरून गेली होती. त्यानंतर पाणी सोडायचं का, असं विचारायला गडी माझ्याकडे येईनासा झाला. तो म्हणायचा, धाकट्या वहिनींना विचारून येतो. तिने काही वाईट केलं नव्हतं. ती खतं बरोबर सांगायची, रोग बरोबर ओळखायची, मला ‘ताई, ताई’ करायची. तेच तर मला सहन होत नव्हतं. भांडायला काही कारण तरी द्यावं ना माणसाने! मी तिला सरळसरळ पाण्यात पाहत होते.

लॉन वाढवून शेवटच्या बांधापर्यंत नेलं तसं ढकलायचं मशीन पुरेना. एकीकडून कापत यावं तोवर दुसरीकडे गवत पोटरीला लागायचं. एका नवऱ्या मुलीच्या आईने सगळ्यांसमोर विचारलं, हे लॉन आहे का वैरण? तेव्हा आबांनी ठरवलं की बसून चालवायचं मशीन घ्यायचं, आणि तुळशीच्या लग्नाआधी घ्यायचं.

तांबोळीने त्या दिवशी दोन मशिनं आणली होती. दुसरं हिरवं होतं. त्याला रीतसर स्टेअरिंग होतं, पायात क्लच-ब्रेक होता, बघताक्षणी लहान ट्रॅक्टरच वाटावा. मला तेच हवं होतं. कारण सांगते. ते आमच्या ह्यांना आल्या दिवशी चालवता आलं असतं. मशीन ह्यांच्या हातात म्हणजे लॉन आमच्याकडे. ते पिवळं मात्र केतकीने शोधून काढलेलं, तिलाच त्यातलं कळणार. ते घरात आलं की लॉन तिचं झालं, आणि मी पाट घेऊन कोपऱ्यात.

म्हणून मी हिरव्या मशीनची बाजू घेऊन बोलले. आयुष्यात एवढं बोलले नसेन. घरातल्या सगळ्यांना स्टेअरिंगची सवय, बिघडलं तर फाट्यावरचा मिस्त्री दुरुस्त करील, दांड्यांचं ते मशीन कुणाला जमणार, असं सगळं एका दमात सांगितलं. तांबोळीलाही ते पटत असावं, कारण तो माझ्याकडे बघून हसत होता.

केतकी म्हणाली, “ते चाफ्याभोवती वळणार नाही. प्रत्येक झाडाखाली गवताचा झगा राहील.”

“राहू दे. तो मी विळ्याने कापते. आजवर कापतेच आहे.”

“किती दिवस बुडाखाली पाट घेऊन सरकणार, ताई?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग लगेच दुसरीकडे पाहिलं. माझ्या अंगाची लाही झाली. त्या घरात माझ्या पायाचा विषय कुणी काढत नसे, आणि ह्या कालच्या पोरीने तो परक्या माणसासमोर काढला. मी मान फिरवून चाफ्याकडे बघायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

ती पिवळ्या मशीनवर चढून बसली. बसली ती कशी, तर दोन्ही पाय वर घेऊन, खुर्चीत चक्क मांडी घालून. समोर सासरे उभे आणि ही पंगतीला बसल्यासारखी. तांबोळी म्हणाला, “मॅडम, पाय खाली ठेवा, पडाल.” ती म्हणाली, “ठेवते. एकदा असंच बघू द्या.” आणि तशीच निघाली. मशीन तरातरा गेलं, चाफ्यापाशी पोचलं, बुंध्याला चिकटून गोल फिरलं, परत आलं. झाडाखाली एक पातं उभं राहिलं नव्हतं. माझं झाड, माझं गवत, आणि त्याच्याभोवती ही मांडी घालून मिरवतेय. शिष्टपणाला काही सीमा! परत आल्यावर तिने तांबोळीला ब्रेकचं काहीतरी विचारलं, त्याने बाजूचा एक दांडा ओढून दाखवला, आणि तिने तो दोनतीनदा स्वतः ओढून पाहिला.

मग आमच्या ह्यांना राहवेना. “त्यात काय मोठं!” म्हणून ते बसले. दांडे पुढे ढकलले तसं मशीन निघालं, झोकात निघालं. पण समोर आबा खुर्ची टाकून बसलेले, शेजारी टेबलावर चहा मांडलेला. ह्यांचा पाय ब्रेक शोधायला लागला. खाली ब्रेक होताच कुठे? तेव्हा ह्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या बैल हाकलेल्या घरातला माणूस करील तेच केलं. कासरा ओढावा तसे दोन्ही दांडे छातीशी ओढून धरले आणि ओरडले, “हो! हो!” मशीन बैल नव्हतं. ते त्याच झोकात उलटं निघालं. हे घाबरून आणखी ओढतात, ते आणखी पळतं. मागे रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आडवी झाली, तेव्हा कुठे ह्यांच्या हातातून दांडे सुटले आणि ते थांबलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, पण माझं हसू वेगळं होतं. म्हटलं बरं झालं, आता हे पिवळं जातं परत.

आबा उठले. केतकी त्यांना चाफ्याखाली घेऊन गेली आणि बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली. मध्येच आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी पाहतेय असं दिसताच नजर काढून घेतली. मला काय कळायचं ते कळलं. थोरलीच्यानं आता होत नाही, तिला बसू द्या, मी बघते लॉनचं, असंच काहीतरी ती सांगत असणार. परत येऊन आबा तांबोळीला म्हणाले, “हे पिवळं ठेवा. खंडेनवमीला घरात पायजे.”

ह्यांनी रागाने चप्पल झटकली. मी पाट उचलला आणि फाटकापलीकडे घरी आले.

त्यानंतर मी लॉनवर गेले नाही. पाठ धरली म्हणून सांगितलं. केतकी ताक घेऊन खोलीत आली, लेप घेऊन आली, दोन्ही वेळा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ह्यांचं वेगळंच चाललं होतं. गड्यांना ते सांगत होते की पहिल्या दिवशी कुणाचंही चुकतं, शेवटी घरातलं मशीन थोरल्याच्याच हातात येणार. मलाही मनातून तीच आशा होती. एरवी मी ह्यांच्या बढाया ऐकून घेत नाही. त्या दिवसांत गुमान ऐकल्या.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात. तशी सगळीकडेच पुजतात, पण आमच्यात सासूबाईंनी घालून दिलेली एक रीत आहे. ज्याचं हत्यार त्याने पुजायचं. जो ते चालवतो त्याच्याच हाताचं कुंकू त्याला लागतं, दुसऱ्याचं नाही. त्यामुळे कुठलं काम कुणाचं, हे त्या दिवशी सगळ्या घरासमोर ठरून जातं. एका वर्षी सासूबाई अंथरुणावर होत्या, तेव्हा त्यांचा उडदाच्या डाळीचा पाटा-वरवंटा आबांनी उचलून त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला होता.

त्या सकाळी अंगणात सारवून हत्यारं मांडली. नांगराचा फाळ, कोयते, पहार, संग्रामभावोजींच्या मंडपाच्या साखळ्या. माझं खुरपं आणि विळा मी चिंचेने घासून लखलखीत केला होता. बाजूला ते पिवळं मशीन, झेंडूच्या माळा घातलेलं, चाकांखाली लिंबं ठेवलेलं. त्याच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि सारखी बघत होते. खुरप्याला कुंकू लावताना मनात आलं, हे शेवटचं. पुढच्या वर्षी लॉनचं हत्यार पुजायला दुसरीच कुणी बसेल. डोळे भरून आले. धुपाचं निमित्त होतं म्हणून बरं.

सगळ्यांचं पुजून झालं. मशीन राहिलं. हे नवा सदरा घालून आले होते, ते दोन पावलं पुढे सरकले. पण पूजेचं ताट केतकीच्या हातात होतं. ती ह्यांच्यासमोरून गेली, मशीनसमोरून गेली आणि मी पाटावर बसले होते तिथे येऊन वाकली.

“धरा, ताई.”

“मला कशाला? तुझं मशीन, तू पूज.”

“माझं नाही. तुमचं आहे.”

“चेष्टा करायची ही वेळ नाही, केतकी.”

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. “याला पायाचं कामच नाही. क्लच नाही, ब्रेकसुद्धा हाताचा. मी मांडी घालून अख्खी फेरी मारून बघितली त्या दिवशी. एकदाही पाय खाली सोडावा लागला नाही. हातांत जोर असला की झालं, आणि तो तुमच्याएवढा या घरात कुणाच्या हातांत आहे?”

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला तिचा इतका हेवा वाटला की तोवर वाटलेला सगळा त्याच्यापुढे काहीच नव्हता. हेसुद्धा हिलाच सुचावं! ह्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली, त्याला कधी सुचलं नाही की आपल्या बायकोला काहीतरी चालवावंसं वाटत असेल. त्याला कशाला बोलू, मला स्वतःला कुठे सुचलं? मी तर पायात क्लच असलेल्या मशीनसाठी जिवाच्या आकांताने भांडले होते. आणि हिने दोन दांडे बघितले की हिला माझे हात दिसले.

“एवढा पुळका कशासाठी?” मी विचारलं. आवाज नको तेवढा कडू निघाला.

“पुळका नाही.” तीही आता गोड बोलत नव्हती. “आल्यापासून मी या लॉनवर राबतेय. फाट्यावर कुणीही विचारा, शालनवहिनींचं लॉन. खत मी घालते, नाव तुमचं. ऐकून ऐकून वीट आला मला. मी जन्मभर घासले तरी ते तुमचंच राहणार. तुम्ही पाट घेऊन थकलात की ते माझ्या गळ्यात पडलं असतं, आणि मला ते नकोय. तुमचं तुम्ही सांभाळा. मला मागच्या तुकड्यात रोपवाटिका काढायचीय. आबांनी हो म्हटलंय.”

ती आल्यापासून पहिल्यांदाच मला ती बरी वाटली.

आबा घसा खाकरून म्हणाले, “शालन, लाव कुकू. आन्‌ लिंबं फोड.”

मी मशीनला हळद लावली, कुंकू लावलं. थोडं कुंकू दांड्यावर ओघळलं. केतकीने एका बाजूने धरलं, संग्रामभावोजींनी दुसऱ्या बाजूने, आणि मी त्या खुर्चीत बसले. काखेतली कुबडी हातात आली तेव्हा ती कुठे ठेवायची ते कळेना. हे जवळ उभे होते, त्यांच्या हातात दिली.

केतकी कानाशी सांगत होती. दोन्ही पुढे ढकलले की पुढे, मागे घेतले की मागे, मध्ये आणले की थांबतं. लिंबं फुटेपर्यंतच, ताई, आज हत्याराला विश्रांती असते. मी हो म्हटलं. दांडे हाताला लागले. खुरप्याची मूठ आयुष्यभर धरलेल्या हाताला ते जड नव्हते. मी ते जरासे ढकलले आणि सगळं अंगण मागे सरकायला लागलं.

लिंबं फुटली. बायांनी टाळ्या वाजवल्या. “बास, बास!” हे म्हणाले. “हळू! थांबव आता!”

मी त्यांच्याकडे पाहिलं. नव्या सदऱ्यात, माझी कुबडी दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. ती नजर दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आली नसती. माझ्या आली. केतकी ट्रॅक्टरवर बसून लॉनवर आली, त्या दिवसापासून मी तिच्याकडे तसंच बघत होते.

समोर फाटक उघडं होतं, पलीकडे लॉन. थांबवायचं कसं ते मला ठाऊक होतं. मी दांडे पुढे ढकलले.